दप्तर बांधणे, उतारा काढणे

वागळे इस्टेट, ऐरोली, डोंबिवली. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात संगणकावर पोट असलेल्या मंडळींच्या बोलण्यात काही क्रियापदे आता पक्की रुळली आहेत. ‘जुन्या फायली टार करून ठेव’, ‘झिप करून पाठव’, ‘सर्व्हरवर नेऊन अनटार कर’. यातले टार हे युनिक्स आणि लिनक्सवरचे एक छोटे साधन. त्याला ना खिडक्या, ना बटणे. एक ओळ टंकायची, की शंभर फायलींची एक फाईल होते. दुसरी ओळ टंकली, की त्या एकीतून शंभरच्या शंभर पुन्हा मांडल्या जातात. बांधायचे तर ‘सी’ हे अक्षर, बाहेर काढायचे तर ‘एक्स’, आणि आत काय आहे एवढेच पाहायचे तर ‘टी’. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यासोबत हे साधन आले आणि अजून रोजच्या वापरात आहे.

या तिन्ही कामांना मराठीत नेमके शब्द आहेत. ते कोणा समितीने घडवलेले नाहीत. कागद सांभाळणाऱ्या कारकुनांच्या तोंडी घासून ते गुळगुळीत झाले आहेत आणि तलाठ्याच्या कचेरीत आजही ऐकू येतात. त्यांची कुळे पाहिली, तर ते साधनही अधिक चांगले कळते.

आधी बांधण्याचे शब्द पाहू. संस्कृतातल्या ‘ग्रंथ्’ धातूचा अर्थ बांधणे, ओवणे, गुंफणे. त्यातून ‘ग्रंथ’ आला, ‘ग्रंथि’ आली, आणि प्राकृतातून उतरत मराठीत ‘गाठ’, ‘गाठोडे’, ‘गठ्ठा’ ही सगळी भावंडे आली. ग्रंथाला ग्रंथ म्हटले ते सुटी पाने दोऱ्याने एकत्र बांधत म्हणून. युरोपातही तेच घडले. लॅटिनमध्ये ‘फिलुम’ म्हणजे दोरा. कचेरीतले कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, म्हणून ती ‘फाईल’. दोन दूरच्या भाषांनी कागदपत्रांना दोऱ्यावरून नाव दिले, कारण सुटा कागद हरवतो हा अनुभव दोन्हीकडे एकच होता.

ठाण्यापुरते बोलायचे, तर हा अनुभव कागदाहूनही जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. ताम्रपट म्हणजे दानाचा दस्त: कोणी दिले, कोणाला दिले, काय दिले, केव्हा दिले. असे दस्त अनेक पत्र्यांचे असले, की पत्र्यांना भोक पाडून ते कडीत ओवत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवत. मग मधला एखादा पत्रा कोणाला गुपचूप बदलता येत नसे. टारच्या गठ्ठ्यातही प्रत्येक फाईलच्या आधी ५१२ बाइटांचा मथळा असतो. त्यात फाईलचे नाव, मालक, आकार, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, आणि मथळा बिघडलेला नाही ना हे ताडून पाहणारी एक बेरीज असते. त्या बेरजेत मुद्रेइतके बळ नाही, कोणीही ती नव्याने मांडू शकतो. पण कोणी, काय, किती, केव्हा ही दस्ताची चौकट तीच आहे.

ज्या शिलाहारांचा हा दस्त, त्यांच्या लेखांत ठाण्याचे नाव ‘श्रीस्थानक’ असे येते. ‘स्थान’ म्हणजे जागा, ठिकाण. त्यावरून ‘ठाणे’ म्हणजे अंमलदार बसतो ती जागा, जसे पोलीस ठाणे. आता ‘आर्काइव्ह’ची व्युत्पत्ती पाहा. ग्रीकमध्ये ‘आर्खे’ म्हणजे आरंभ आणि अधिकारही. ‘आर्खोन’ म्हणजे अधिकारी. आणि ‘आर्खेइओन’ म्हणजे त्या अधिकाऱ्याची कचेरी. अधिकाऱ्याच्या कचेरीत दस्त ठेवत, म्हणून हळूहळू तेथल्या दस्तांनाच ते नाव चिकटले. मुळात आर्काइव्ह म्हणजे ठाणेच.

जागा आणि कागद यांना एकच नाव पडण्याचा हा प्रवास मराठीत ‘दप्तर’ या शब्दाने उलट्या दिशेने केला, आणि तोही थेट ग्रीकमधून निघून. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. आयोनियाचे ग्रीक लोक पपायरसच्या पुस्तकांनाही कातडीच म्हणत, कारण पूर्वी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत, असे हेरोडोटसने नोंदवले आहे. हा शब्द पश्चिम आशियातून फारसी-अरबीत ‘दफ्तर’ झाला आणि राज्यकारभाराबरोबर मराठीत आला. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला डॉक्टर ‘डिप्थीरिया’ म्हणतात, तोही याच शब्दाचा वंशज. आपला ‘पुस्तक’ हा शब्दसुद्धा इराणी भाषांतल्या ‘पोस्त’, म्हणजे कातडे, यावरून आला असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर मुलाच्या पाठीवरचे दप्तर आणि त्यातले पुस्तक यांचे मूळ द्रव्य एकच ठरते.

मराठीने ‘दप्तर’ला जेवढे अर्थ दिले, तेवढे क्वचित एखाद्या परक्या शब्दाला दिले असतील. दप्तर म्हणजे नोंदींचा संग्रह, दप्तर म्हणजे कचेरी, दप्तर म्हणजे शाळेची पिशवी. अर्जाचे पुढे काही झाले नाही, की तो ‘दप्तरी दाखल’ होतो. सरकारी विलंबाला आळा घालणारा २००५ चा कायदा आला, त्याला लोकांनी ‘दप्तरदिरंगाई कायदा’ म्हटले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत, त्या प्रत्येक गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचे फडके मराठी कारकुनाच्या हाती दस्ताचे आवरण झाले, आणि अभ्यासक आजही कागदाचा पत्ता रुमालाच्या क्रमांकाने देतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून चार वर्षांत या दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. हे रुमाल बांधून, यादी करून ठेवलेले होते, म्हणूनच ते काम उभे राहू शकले.

टार या नावाचा विस्तार ‘टेप आर्काइव्ह’, कारण तेव्हा संगणकातला मजकूर चुंबकीय फितीवर साठवत. ‘फीत’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आला. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, वसई १७३९ पर्यंत. त्यांच्या सहवासातून कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने जे शब्द घेतले, त्यांतला हा एक. पुढे इंग्रजी अंमलात कचेरीचे कागद फितीने बांधू लागले आणि ‘लालफितीचा कारभार’ रूढ झाला. टेप आर्काइव्ह म्हणजे फितीवरचे दप्तर. फितीची एक अडचण मात्र टारने वारशात घेतली. फितीवर हवे तेथे उडी मारता येत नाही, आरंभापासून पुढे सरकावे लागते. म्हणून टारच्या गठ्ठ्याला स्वतंत्र अनुक्रमणिका नसते; ‘टी’ दिले, की ते साधन एकेक मथळा वाचत शेवटपर्यंत जाते आणि नावे दाखवते. त्या नावांना ‘यादी’ हाच शब्द शोभतो. फारसी ‘याद’ म्हणजे आठवण; कारकुनाने आठवणीसाठी लिहून ठेवली ती यादी.

पुष्कळांना वाटते, की टार फायली लहान करते. तसे नाही. टार फक्त बांधते. दाबण्याचे काम वेगळे, आणि ते करणारी साधने वेगळी, जसे १९९२ साली आलेले जीझिप. मराठीत हा भेद दोन शब्दांत जिवंत आहे. गठ्ठा म्हणजे नुसता बांधलेला. गासडी म्हणजे यंत्रात दाबून आवळलेली, जशी रुईची १७० किलोंची गासडी. पण रुई दाबली जाते ती आतली हवा काढून. अक्षरांत हवा नसते, मग ती कशी दाबतात? त्याचे उत्तर मराठी पत्रलेखनात आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे शब्द प्रत्येक पत्रात येणारच, म्हणून लिहिणाऱ्यांनी ते ‘सा. न. वि. वि.’ केले, ‘राजमान्य राजश्री’चे ‘रा. रा.’ झाले. वाचणाऱ्याला संकेत ठाऊक, त्यामुळे एकही शब्द गळला नाही. जीझिपही हेच करते. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, की तो न लिहिता ‘मागे इतक्या अंतरावर पाहा, इतकी अक्षरे घे’ एवढी खूण ठेवते. पुनरुक्ती जितकी जास्त, तितकी बचत जास्त. उघडताना एका बाइटाचाही फरक पडत नाही.

राहिले ‘एक्स’, म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. लॅटिनमध्ये ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणे. बाहेर ओढलेले ते एक्स्ट्रॅक्ट. पाठ्यपुस्तकी मराठीत याला कोणी ‘निष्कर्षण’ म्हणेल, कोणी ‘अर्क काढणे’ म्हणेल. दोन्ही फसवे आहेत. अर्क काढला, की चोथा उरतो; ओढून काढले, की मागे जागा रिकामी होते. टारच्या बाबतीत यातले काहीच होत नाही. गठ्ठा जसाच्या तसा राहतो, तुमच्या हाती येते ती प्रत. याला मराठीत शब्द आहे, तो कल्याण-डोंबिवलीत घर किंवा जमीन घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि इंग्रजी कागदांत त्याचे भाषांतर ‘एक्स्ट्रॅक्ट’ असेच करतात. तो शब्द म्हणजे सातबाराचा ‘उतारा’.

‘उतरणे’ हे संस्कृत ‘उत्तरति’वरून आले, पार जाणे हा मूळ अर्थ. गाडीतून उतरतो तो उतारू, विष उतरवतो तो उतारा, आणि एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवून घेतला तोही उतारा. गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. उतारा मिळाला म्हणून मूळ नोंद दप्तरातून हलत नाही. शिवाय उतारा हवा त्या एका गटाचा मागता येतो, साऱ्या गावाचे दप्तर उचलावे लागत नाही. टारही, फाईलचे नाव सांगितले, तर तेवढीच काढून देते.

साम्य येथे संपत नाही. फितीवरच्या मजकुराला मध्येच हात घालता येत नाही, म्हणून टारमध्ये ‘आर’ हे अक्षर देऊन फाईलची सुधारलेली प्रत गठ्ठ्याच्या शेवटी जोडतात. जुनी प्रत आत तशीच राहते. बाहेर काढताना ओळीने सगळ्या निघतात आणि शेवटची प्रत आधीच्या प्रतीवर बसते. महसुलात याला ‘फेरफार’ म्हणतात. गाव नमुना सहाच्या नोंदवहीत नवी नोंद नव्या क्रमांकाने चढते, जुनी खोडून टाकत नाहीत. सातबारा आजची स्थिती दाखवतो आणि वहीत इतिहास राहतो. गठ्ठ्याची गासडी झाल्यावर मात्र टार फेरफार करू देत नाही. आधी मोकळी करा, मग जोडा.

आज महाराष्ट्रातले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन संगणकात जात आहेत, आणि ठाण्यातली तरुण मंडळी रोज गठ्ठे बांधून सर्व्हरवर चढवत आहेत. ‘दप्तर बांधणे’, ‘यादी पाहणे’, ‘उतारा काढणे’, ‘फेरफार जोडणे’ हे शब्द त्यांच्या कामाला हुबेहूब लागू आहेत, आणि त्यांनी ते वापरावेत असे मला मनापासून वाटते. ‘उतारा’ म्हणणाऱ्या नवशिक्याला मूळ गठ्ठा जागेवर आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. ‘बांधणे’ म्हणणारा दाबण्याची अपेक्षा धरत नाही. आणि ज्याच्या मनात दप्तर या शब्दासोबत यादी येते, तो यादी ताडून पाहिल्याशिवाय मूळ फायली पुसत नाही.