सेंट्रल आफ्रिकन एअरवेज

मध्य आफ्रिकेतील दक्षिण ऱ्होडेशिया (सध्याचा झिंबाब्वे), उत्तर ऱ्होडेशिया (झँबिया) व न्यासालँड (मालावी) या तीन ब्रिटिशांकित प्रदेशांची संयुक्त हवाई वाहतूक संस्था. स्थापना १९४६, विसर्जन १९६७. मुख्य कार्यालय सॉल्झबरी (सध्याचे हरारे) येथे होते. या प्रदेशांचे संघराज्य स्थापन होण्याच्या सात वर्षे आधी ती अस्तित्वात आली आणि संघराज्य मोडल्यानंतरही चार वर्षे टिकली. त्यामुळे आर्थिक सहकार्य राजकीय ऐक्याविना कितपत चालू शकते, याचे ती एक बोलके उदाहरण ठरली.

पार्श्वभूमी : हे तिन्ही प्रदेश भूवेष्टित असून वस्त्या विरळ व अंतरे मोठी होती. लोहमार्ग दक्षिणेकडून उत्तर ऱ्होडेशियाच्या ताम्रपट्ट्यापर्यंत पोहोचला होता. मात्र न्यासालँडचा लोहमार्ग निराळा, मोझँबीकमधील बेइरा बंदराकडे जाणारा होता. पावसाळ्यात कच्चे रस्ते निकामी होत. अशा स्थितीत १९३३ मध्ये ‘ऱ्होडेशिया अँड न्यासालँड एअरवेज’ ही कंपनी निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा वारसा सेंट्रल आफ्रिकन एअरवेजकडे आला. नव्या संस्थेच्या भांडवलात दक्षिण ऱ्होडेशियाचा ५०, उत्तर ऱ्होडेशियाचा ३५ व न्यासालँडचा १५ टक्के वाटा होता. या वाटणीतच दक्षिणेचे वर्चस्व स्पष्ट होते.

सेवा व विमाने : सॉल्झबरी, बूलावायो, लिव्हिंग्स्टन, लूसाका, एन्डोला व ब्लँटायर ही अंतर्गत मार्गांवरील प्रमुख ठिकाणे होती; जोहॅनिसबर्ग व नैरोबी येथेही विमाने जात. मुख्य मार्गांवर व्हायकिंग, तर लहान धावपट्ट्यांवर डव्ह व बीव्हर यांसारखी विमाने वापरीत. सॉल्झबरी समुद्रसपाटीपासून सु. १,५०० मी. उंचीवर आहे. तेथील विरळ व उष्ण हवेत एंजिनांची शक्ती घटते आणि उड्डाणास अधिक लांब धावपट्टी लागते. त्यामुळे वजनावर मर्यादा पडत. १९५६ मध्ये टर्बोप्रॉप एंजिनांची व्हायकौंट विमाने आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. लंडनला जाणारी कमी भाड्याची ‘झँबीझी’ सेवा एन्टेबी, खार्टूम अशा टप्प्यांनी जात असे. प्रवाशांत मुख्यत्वे यूरोपीय वसाहतवाले, अधिकारी व खाण-कंपन्यांचे कर्मचारी असत; बहुसंख्य आफ्रिकी जनतेला विमानप्रवास परवडण्याजोगा नव्हता.

दोन अपघात विशेष उल्लेखनीय आहेत. २९ मार्च १९५३ रोजी टांगानिकात एका व्हायकिंगचा पंख हवेतच निखळून १३ जण मृत्युमुखी पडले. वारंवार पडणाऱ्या ताणांमुळे पंखाच्या तुळईतील धातूला आलेला शिणवटा हे त्याचे कारण होते. ९ ऑगस्ट १९५८ रोजी लिबियातील बेनिना विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात एक व्हायकौंट जमिनीवर आदळले व ५४ पैकी ३६ जण मरण पावले.

विघटन : १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ऱ्होडेशिया-न्यासालँड संघराज्यास आफ्रिकी जनतेचा तीव्र विरोध होता. ते ३१ डिसेंबर १९६३ रोजी बरखास्त झाले. तथापि रेल्वे, करिबाची वीज व हवाई वाहतूक या सेवा सामाईक ठेवण्यात आल्या. १९६४ मध्ये एअर ऱ्होडेशिया, झँबिया एअरवेज व एअर मालावी या तीन दुय्यम कंपन्या निघून मूळ संस्था त्यांची धारक राहिली. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशियातील गौरवर्णीय अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि आर्थिक निर्बंध सुरू झाले. निर्बंधग्रस्त ऱ्होडेशिया व स्वतंत्र झँबिया एकाच संस्थेचे भागीदार राहणे अशक्य झाले. १९६७ च्या अखेरीस संस्था विसर्जित होऊन तिन्ही कंपन्या स्वतंत्र झाल्या. रेल्वेचीही त्याच वर्षी विभागणी झाली. करिबाची वीजव्यवस्था मात्र पुढेही सामाईक राहिली.

उत्तरकाल : एअर ऱ्होडेशियाने १९७३ मध्ये निर्बंध चुकवून तीन बोइंग ७२० विमाने मिळविली. मुक्तियुद्धात झिप्रा गनिमांनी तिची दोन व्हायकौंट विमाने १९७८ व १९७९ मध्ये क्षेपणास्त्रांनी पाडली. दुसऱ्यातील सर्व ५९ जण ठार झाले. १९८० मध्ये ही कंपनी एअर झिंबाब्वे झाली. झँबिया एअरवेज १९९४ मध्ये व एअर मालावी २०१३ मध्ये बंद पडली. या दोन्ही देशांनी पुढे नव्या राष्ट्रीय कंपन्या काढल्या, त्या इथिओपियन एअरलाइन्सच्या भागीदारीने. तीन सरकारांनी मिळून पेललेला खर्च एकेका देशास स्वबळावर झेपणे कठीण होते, हेच त्यातून दिसून येते.