तात्पर्य

तुळजापूरच्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. तीत पोथ्यांच्या खाली मुलांच्या गोष्टींची जुनी पुस्तके निघाली. कडा वाळवीने खाल्लेल्या. १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूतून. मराठी पुस्तक हवे तर सोलापूर गाठावे लागे. आजोबांनी ती तिथूनच आणलेली. १९६० च्या सुमारास मी ती वाचली. गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असे. मी ते आधी वाची आणि मग गोष्ट. निकाल कळल्यावर खटला ऐकावा तसे.

या तात्पर्याची वंशावळ मोठी मौजेची आहे. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली मुंबईत इसापनीती मराठीत आणली, आणि त्याच साली ‘बाळमित्र’ही. हा बाळमित्र मूळचा फ्रेंच. बेर्कें नावाच्या लेखकाने तो १७८२-८३ मध्ये, म्हणजे राज्यक्रांतीच्या जेमतेम सहा-सात वर्षे आधी लिहिला, आणि इंग्रजीच्या वाटेने तो आपल्याकडे पोचला. सुखवस्तू घरातली शहाणी मुले आणि त्यांनी दिलेल्या दानाने गहिवरणारे गरीब, असे त्याचे जग. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढले, तेव्हा सद्वर्तनाचा हा पाठ दरमहा घरपोच येऊ लागला.

आपल्या पंचतंत्राची चाल मात्र निराळी. विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ मुलांना शिकवतो ती नीती म्हणजे जगात तगून राहण्याची अक्कल. काळीज झाडावरच राहिले, अशी थाप मारून माकड मगरीच्या तावडीतून सुटते, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावीत नाही. आमच्या पेटीतल्या पुस्तकांत ते माकड खोटे बोलल्याबद्दल खासच बुडाले असते!

एका नवरात्रात देवळाच्या वाटेवरील दुकानातून माझ्या वर्गातल्या मुलाने नारळाची अर्धी वाटी उचलली. दुकानदाराने विचारले, मी तत्काळ खरे सांगितले. मुलाला बेदम मार बसला. त्याची आई गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागणारी आराधीण. घरी आणखी दोन लहान भावंडे. मी शाबासकीच्या आशेने आजीला सारे सांगितले. तिने एवढेच विचारले, “जेवला होता का रे तो?” आणि भाकरी फडक्यात बांधून माझ्या हाती दिली.

कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर तो बसला होता. पुस्तकाप्रमाणे आता त्याने डोळे पुसून मला दुवा द्यायला हवा होता. त्याने भाकरी घेतली, फडके झटकून परत केले, आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी वर्गात तो माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसला.

आजोबांच्या पेटीत त्यानंतर मी हात घातला तो थेट मिसरूड फुटल्यावर.