सोंगट्यांच्या डब्यावरची सही

मंडळी, गणपती जवळ आले की तालुक्यात बुद्धिबळ स्पर्धांचे फ्लेक्स लागतात. बक्षीस ठरलेलं. पहिल्याला मोठी ट्रॉफी, सगळ्यांना मेडल आणि पाठीवर मान्यवरांचा फोटो छापलेला टी-शर्ट. रेणापुरात अशा बातम्या मीही लिहीत आलोय. म्हणूनच आज जरा इतिहास सांगतो.

बुद्धिबळाच्या नावावर वस्तू विकणं काही नवं नाही. १८४९ साली लंडनमध्ये नॅथॅनियल कुक यांनी सोंगट्यांचा एक नमुना नोंदवला आणि जॅक्स कंपनीनं तो बाजारात आणला. त्याआधी तिकडं सोंगट्यांचे घाट नाना तऱ्हेचे होते. परक्या पटावर बसलं की राजा कोणता अन् वजीर कोणता, इथूनच घोळ. नव्या सोंगट्यांना नाव दिलं गाजलेल्या इंग्रज खेळाडूचं, हॉवर्ड स्टाँटनचं. डब्यावर त्याची सही. त्यानं आपल्या वर्तमानपत्री सदरातून या सोंगट्यांची तारीफ केली आणि विक्रीतला वाटाही घेतला. आजच्या भाषेत ब्रँड अँबॅसेडरच!

पण चाहत्यानं सहीच्या मोहानं डबा घेतला तरी घरात येत होता तो खेळ. वस्तू कामाची होती, म्हणून टिकली. आजही जागतिक स्पर्धा याच घाटाच्या सोंगट्यांवर होतात, आणि आपल्या पोरांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या सोंगट्याही त्याच वळणाच्या. गंमत बघा, सोंगटी बुरुजाची, आपण म्हणतो हत्ती. टोपी बिशपची, आपण म्हणतो उंट. घाट विलायतेचा आला, नावं मात्र आपण आपलीच ठेवली.

आता तर हा माल आपल्याच देशातून जगभर जातो. अमृतसरचे कारागीर शिसमच्या आणि बॉक्सवूडच्या सोंगट्या घडवतात. बाकीच्या सोंगट्या लेथवर उतरतात, घोडा मात्र हातानं कोरावा लागतो. म्हणून डब्याची किंमत घोडा ठरवतो. २०२० साली ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि पटांची मागणी जगभर वाढली. चाहता पैसे खर्च करतो, ते असे.

महाराष्ट्रात मात्र खेळ वाढला तो बसायला जागा आणि समोर पट मिळाला म्हणून. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, आणि सांगली बुद्धिबळाची पंढरी झाली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढं जयश्री आणि रोहिणी या बहिणींनीही ते विजेतेपद मिळवलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून आली. राज्य सरकारनं तिला ३ कोटी रुपये दिले. योग्यच केलं.

पण वर ३ कोटी आणि खाली काय? स्पर्धेत तिसरा आलेला पोरगा ट्रॉफी घेऊन घरी जातो. घरी पट नसेल तर पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याचा हात बंद. ट्रॉफीचा मान मोठा, नाही कोण म्हणतं? आई-बाप ती टीव्हीवर ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. पण ट्रॉफीवर चाल खेळता येत नाही.

म्हणून मंडळांना आणि देणगीदारांना माझं सांगणं एवढंच. ट्रॉफी एकच द्या, पहिल्याला. उरलेल्या पैशात गुंडाळीचे पट आणि सोंगट्या घ्या. शाळेसाठी एखादं बुद्धिबळाचं घड्याळ घ्या. नाव छापायची हौस असेल तर डब्याच्या झाकणावर छापा, स्टाँटननं तेच केलं. टी-शर्ट दोन धुण्यांत विटतो. डबा मात्र रोज संध्याकाळी उघडला जाईल, आणि तुमचं नाव रोज वाचलं जाईल.

यंदा तुमच्या गल्लीतल्या स्पर्धेत बक्षीस काय ठरलंय? खाली लिहा.