काशाचा आवाज, पितळेचा भाव

भोकरमधल्या एका बँडवाल्याच्या ओसरीवर मी ती झांज पाहिली. कडेपासून पेरभर आत तडा गेलेला. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडलेले. ती ज्या स्टँडवर अडकवली होती, ते नळाच्या पाइपाचे तुकडे वेल्डिंग करून घेतलेले. झांज आणि लोखंड एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये जुन्या चपलेच्या रबराची चकती होती. मालकाचे म्हणणे थोडक्यात असे : ढोल फुटला तर आठवड्यात उभा राहतो, झांज गेली की हंगाम जातो.

या एका तक्रारीमागे केवढा इतिहास आहे, याचा शोध घेताना मला प्रथम चामड्याकडे वळावे लागले. हलगी स्वस्त का? कडे गावात मिळते, कातडे गावात मिळते, आवाज उतरला तर काडीकचऱ्याच्या जाळावर शेकून तो पुन्हा चढवता येतो. हे खरे, पण अर्धे. कातडे स्वस्त होते, कारण ते सोलणाऱ्याच्या, कमावणाऱ्याच्या आणि वाजवणाऱ्याच्या श्रमाला रोख किंमत नव्हती. भाकरी, सुगीचे चार पायली धान्य आणि वेशीबाहेरची जागा, एवढ्यावर गावाने हे वाद्य वापरले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांशी जोडलेली जगण्याची रीत सोडण्याचे आवाहन केले. त्या प्रवाहात पुढे अनेकांनी हलगीही खाली ठेवली. गावाचा फुकटचा बाजा बंद पडू लागला, तेव्हा कुठे वाजवण्याला दाम असतो हे गावाला कळले. वाद्याच्या स्वस्ताईचे कौतुक करताना हा हिशेब विसरणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत.

झांजेची गोष्ट वेगळी. ती गावात होत नाही. चांगली झांज काशाची, म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. आपल्या घरात तळपायाला तूप चोळायची जी काशाची वाटी असते, तिच्या जातकुळीतली ही धातू. वाटी फरशीवर पडली तर ती किती वेळ गुणगुणत राहते ते आठवावे. कथील तांब्याहून पुष्कळ महाग, ही पहिली अडचण. दुसरी अधिक मोठी : हे कांसे थंड असताना ठोकले तर तडकते. तापवून लाल करायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे, आणि शेवटी पाण्यात विझवायचे. लोखंड पाण्यात विझवले की कडक आणि ठिसूळ होते. कांसे उलट चिवट होते. ही उलटी रीत ज्याच्या हाताला माहीत, तोच झांज करू शकतो. पितळ मात्र तांबे आणि जस्ताचे. त्याचा पत्रा काढा, गोल कापा, दाबून आकार द्या, झाले. म्हणून पितळेची झांज स्वस्त. तिचा आवाज लवकर मरतो आणि ताटलीसारखा येतो. सोन्याच्या बाबतीत पितळ उघडे पडायला वेळ लागत असेल, झांजेच्या बाबतीत पहिली वरात पुरते.

हे मोठे थाळे लग्नाच्या वरातीत आले ते फौजेतून. तुर्की सुलतानांच्या जानिसारी पलटणींपुढे ढोल-झांजा वाजत. अठराव्या शतकात युरोपातल्या फौजांनी ती पद्धत उचलली. इंग्रजांबरोबर ती आपल्या छावण्यांत आली. इस्तंबूलच्या झिल्जियन घराण्याची झांजांची परंपरा १६२३ पासून सांगितली जाते. १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेत कारखाना काढला आणि तिथल्या जॅझवाल्यांनी तो जगवला. आपल्याकडे मेरठला नादिर अली यांची पेढी १८८५ पासून बँडच्या वाद्यांच्या धंद्यात उतरली. पलटणीतून सुटलेले वादक आणि मेरठचा माल, या दोहोंवर उत्तर हिंदुस्थानातली वरात उभी राहिली. आमच्याकडे सिकंदराबाद, औरंगाबाद, जालना इथल्या छावण्यांनी तेच काम केले.

भोकर मात्र निजामाच्या राज्यात. इथल्या वादकाला झांज आणखी महाग पडे, आणि याची दखल संगीताच्या इतिहासात कुणी घेतलेली माझ्या वाचनात नाही. मुंबईचा भाव कलदार रुपयांत. इथे मजुरी आणि बिदागी हाली सिक्क्यात. सहा कलदारांना सात हाली असा दर. वर राज्याच्या सीमेवर करोडगिरी. १८०२ च्या व्यापारी तहाने ती शेकडा पाच ठरलेली. मुंबईत तीस रुपयांची एखादी जोडी धरली, तर तिचे पस्तीस हाली झाले आणि जकातीसह पावणेसदतीस. रेल्वेचे भाडे वेगळे. नाकेदाराचा हात ओला करावा लागला असेल तर तेही वेगळे. म्हणजे वादक तोच, झांज तीच, पण सीमेच्या अलीकडे जन्मला म्हणून त्याने जवळजवळ पाव हिस्सा जास्त मोजायचा. तो कर्ज काढी किंवा ज्याच्याकडे पैसा त्याच्या हाताखाली वाजवी. वाद्ये एकाची आणि बोटे दुसऱ्याची ही बँड पार्टीतली व्यवस्था मला तरी याच हिशेबातून निघालेली दिसते. १९४८ नंतर राज्य गेले, हालीही गेला, व्यवस्था राहिली.

मग काटकसर सुरू झाली. ती जगभर झाली आहे. पाश्चात्त्य पलटणींतही मोठ्या ढोलाच्या अंगावरच एक झांज पक्की करून एकाच माणसाला दोन्ही वाजवायला लावत. एका माणसाचा पगार वाचे. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने ढोल वाजवण्याचा चांगला खटका बाजारात आणला आणि तीन माणसांचे काम खुर्चीवर बसलेल्या एकाकडे आले. आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो मुळात असा, मजुरी वाचवण्यातून जन्मला.

१९५७ च्या सुमारास रेमो बेली आणि इतरांनी अमेरिकेत प्लॅस्टिकचे पान बाजारात आणले. आपल्याकडे ते फायबर म्हणून रुळले. पावसात ढिले पडत नाही, जाळावर शेकावे लागत नाही. शिवाय कातड्याला हात लागत नाही, हेही अनेकांना हवेच होते. पण शेकायचे नाही म्हणजे ताणायचे. ताणायला नट-बोल्ट, पट्ट्या, लोखंडी कडे आले. पानावर वाचलेला पैसा लोखंडात गेला. आज भोकरच्या बँडवाल्याच्या वहीत कातड्याचा खर्च जवळजवळ नाही. स्टँड, बोल्ट, चकत्या आणि वेल्डिंग आहे. झांजेच्या नावापुढची ओळ मात्र अजूनही सगळ्यांत मोठी.

मी पुन्हा गेलो तेव्हा लग्नसराई संपत आली होती. भोकाला चुकवून तडा पलीकडे गेला होता. मालकाने लेथवाल्याकडून सगळी कडच कापून आणली. सोळा इंची झांज पावणेचौदाची झाली होती. आवाज चढला, खालची घुमट गेली. चपलेच्या रबराची चकती तीच होती. त्याने ती नीट बसवली, एक टोला दिला, कान जवळ नेला, आणि पुढच्या दोन तारखा मला वाचून दाखवल्या.