डोंगरीतील दोन कैदी आणि नीतीचा उगम

धर्माचा धाक नसेल तर माणूस नीतीने का वागेल, या प्रश्नाचा मराठीतला इतिहास शोधू लागलो की वाट कोल्हापूरवरून जाते. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. ज्या पत्रांच्या आधारे तो केला, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी न्यायालयात क्षमा मागितली, तरीही १७ जुलै १८८२ रोजी त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. पुराव्यात ते चुकले होते. कळकळीत चुकले होते का? पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, ते तरुण महाराज अहमदनगरला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले.

डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना दोघांचे वाद रात्री उशिरापर्यंत चालत. पुढे या दोघांनी आपल्या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

आगरकर स्पेन्सरच्या वाचनातून घडले होते. डार्विनचा मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१ चा, तर स्पेन्सरचा नीतितत्त्वांवरील १८७९ चा. म्हणजे हा विचार तेव्हा अगदी ताजा होता. देव ही माणसाचीच कल्पना कशी, हे 'देवतोत्पत्ति'त मांडणाऱ्या आगरकरांच्या लेखी नीती आकाशातून उतरलेली नव्हती. समाज टिकवणारे वर्तन अनुभवाने रुजते, आणि म्हणूनच ते तपासता व बदलताही येते. स्पेन्सरपासून दुर्बळांविषयीची बेफिकिरी काढणारे पुष्कळ निघाले. आगरकरांनी बालविधवांची बाजू घेतली.

टिळकांचे उत्तर 'गीतारहस्या'त आहे. मंडालेत लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुखाच्या बाह्य हिशेबावर नीती उभी राहत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते आणि तिचा आधार सर्वांभूती एकच आत्मा हा आहे, असे ते म्हणतात. यातील आक्षेप मला खरा वाटतो: एखादी प्रवृत्ती कशी उपजली हे कळले, तरी ती पाळावी का हे कळत नाही. मात्र आगरकर जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. वादाचा दुसरा पक्ष बोलायला उरलाच नव्हता.

टिळकांच्या पक्षाची कसोटी कोल्हापुरात आधीच लागली होती. १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. १९०१ मध्ये 'केसरी'ने वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिले. सर्वांभूती असलेला आत्मा राजवाड्याच्या देवघरापर्यंत पोचला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

तिसरे उत्तर फुल्यांचे. याच बर्वे खटल्यात दोघांच्या जामिनासाठी त्यांनी रामशेठ उरवणे यांच्याकरवी दहा हजार रुपयांची सोय केली होती. 'सार्वजनिक सत्यधर्म' १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, निघाले. त्यातील निर्मिक ग्रंथ आणि भट यांच्याविना माणसांना समान ठरवतो. शाहूंच्या कोल्हापुरात १९११ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. पण शाहूंनी वेदोक्ताचा हट्ट सोडला नाही आणि आर्य समाजालाही बळ दिले. मिळेल त्या उत्तरातून त्यांनी काम करून घेतले.

आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले. आपल्या दहनाचा खर्च कुणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात.