निदानापूर्वीची वर्दी

१/ दातिवरे (जि. पालघर) येथे वैतरणेच्या मुखाजवळ एक छोटा किल्ला आहे. असे किल्ले टेहळणीच्या कामी येत. पण पहारेकऱ्याला गलबत दिसले, एवढ्याने किनारा वाचत नसे; वर्दी मिळताच कुमक निघावी लागे. कर्करोग तपासणीचा इतिहास याहून वेगळा नाही.

२/ मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अस्तरावरील लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून, अनेक वर्षांत वाढतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी पोट न उघडता, कोलोनोस्कोपीद्वारे पॉलिप काढण्यास आरंभ केला. रोगाची वाट आधीच अडवता येऊ लागली.

३/ अमेरिकेतील मिनेसोटात १९७५ पासून ४६,५५१ व्यक्तींचा अभ्यास झाला. शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त ज्यांच्यात आढळले, त्यांची कोलोनोस्कोपी करण्यात आली. १९९३ चा निष्कर्ष असा : दरवर्षी चाचणी होणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. चाचणीने केवळ संशय दाखवला. जीव वाचवला पुढच्या तपासाने.

४/ हा तपास लांबला तर? २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे ७०,००० सदोष अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याभरात कोलोनोस्कोपी झालेल्यांच्या तुलनेत, १० महिन्यांहून अधिक काळ थांबलेल्यांमध्ये कर्करोग, विशेषतः पुढच्या टप्प्यातील, अधिक आढळला.

५/ महाराष्ट्राचा दाखला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होते. सदोष अहवाल आलेल्या स्त्रियांचा पुढील तपास आणि उपचार ही योजनेचीच अंगे होती. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

६/ भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीवर भर आहे. आतड्याची चाचणी बहुतेक जण स्वतःहून किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने करतात. म्हणून पुढच्या तपासाची आठवण ठेवणारेही बहुधा घरचेच असतात. दातिवऱ्याहून आधी सफाळे स्थानक, मग रेल्वेने मुंबई : एवढ्या अंतरात ‘मूळव्याधच असेल’ हे वाक्य फार सोयीचे वाटते.

७/ दुसरी चाचणी निर्दोष आली, तरी पहिली रद्द होत नाही. पॉलिपमधून रक्त रोज येतेच असे नाही. सदोष अहवाल म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. अनेकांच्या कोलोनोस्कोपीत कर्करोग नसतोच. पण तो नाही, हे सांगण्याचा अधिकार कोलोनोस्कोपीला आहे, अंदाजाला नाही.