मद्य, माता आणि मूल

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, ते आमचे कडोदरा. एका अंगाला चलथाणचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला यंत्रमाग आणि कापड रंगविण्याच्या गिरण्या. पोटासाठी येथे आलेल्या माणसांत खानदेशाकडील मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांची पाचसात मुले संध्याकाळी आमच्या ओटीवर अभ्यासाला बसत असत. त्यांतील एका मुलाने मला इतिहासाच्या ज्या आडवाटेला लावले, तिची हकीकत आज श्रोत्यांना सांगावयाची आहे.

मुलगा नऊ वर्षांचा होता, पण अंगलटीने सहा वर्षांचा वाटे. स्वभावाने गोड, कोणाही परक्याचा हात धरून चालू लागावा इतका भाबडा. सोमवारी साताचा पाढा घडाघडा म्हणून दाखवी आणि मंगळवारी साताचा पाढा म्हणजे काय, असा चेहरा करून माझ्याकडे पाही. ही लबाडी आहे असे मी मानले. वीस वर्षे शिकविण्याचा धंदा केलेल्या बाईला लबाडी कळते, अशी माझी घमेंड. मी त्याच्या हातावर पट्टी मारली, एकदा नव्हे, अनेकदा. पुढे एके दिवशी त्याची आई माझ्यापाशी बसून रडली. हा पोटात होता तेव्हा ती नवऱ्याबरोबर उसाच्या तोडीला जात असे. दिवसभर मोळ्या वाहून अंग ठणके, आणि रात्री नवऱ्याबरोबर तीही घेत असे, पुष्कळ घेत असे. हे तिने आजवर कोणालाही सांगितले नव्हते. मुलाला अमुकच विकार आहे असे मी म्हणत नाही. ते सांगणे वैद्यांचे काम. परंतु त्या दिवसापासून मी पट्टी बाजूला ठेवली आणि पुस्तके चाळू लागले.

पहिला धक्का बसला तो चरकसंहितेने. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीच्या कोणत्या सवयीने मूल कसे निपजते याची एक यादी आहे. तीत नित्य मद्य पिणाऱ्या मातेच्या अपत्याविषयी सांगितले आहे की, ते तहानेले, अल्प स्मृतीचे आणि अस्थिर चित्ताचे होते. अल्प स्मृती आणि अस्थिर चित्त! माझ्या ओटीवरच्या मुलाचे वर्णन दोन शब्दांत करावयाचे तर मलाही याहून निराळे शब्द सुचले नसते. मात्र आमच्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते, अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही. त्याच यादीत इतर खाण्यापिण्याविषयी अशी कित्येक विधाने आहेत की जी आज कोणी मान्य करणार नाही. निरीक्षण आणि समजूत त्या काळी एकाच पंक्तीला बसत. एवढे मात्र खरे की, या एका ठिकाणी निरीक्षण फार बारकाईचे होते.

आम्हा ख्रिस्ती मंडळींना शास्त्यांच्या पुस्तकातील शमशोनाची कथा लहानपणापासून ठाऊक असते. मानोहाच्या बायकोला देवदूत भेटतो, तुला पुत्र होईल म्हणून सांगतो, आणि त्याच दमात द्राक्षारस व मद्य यांपासून दूर राहण्यास बजावतो. ही आज्ञा व्रतस्थ पुत्रासाठी होती, आरोग्यशास्त्रासाठी नव्हे, असे पंडित म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. तरी व्रत मुलाचे आणि पथ्य आईला, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जिन नावाची दारू पाण्याइतकी स्वस्त झाली. १७२६ मध्ये तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटला अर्ज करून कळविले की, या दारूपायी दुबळी आणि रोगट मुले जन्मास येत आहेत. पार्लमेंटने कायदे केले, ते मोडले गेले, पुन्हा केले. १७५१ च्या कायद्याने कोठे थोडा आळा बसला. त्याच वर्षी हॉगार्थ या चित्रकाराने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडताना दाखविले आहे. पण याहून मोलाचे काम केले ते विल्यम सलिव्हन या तुरुंगाच्या डॉक्टरने. लिव्हरपूलच्या तुरुंगातील १२० दारूबाज स्त्रियांची त्याने चौकशी केली आणि १८९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांच्या ६०० मुलांपैकी ३३५ मुले एक तर मृत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. त्यांच्याच नात्यातल्या, न पिणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी निघाले. आणखी एक गोष्ट त्याने टिपली. ज्या बाईचे गरोदरपण तुरुंगात, म्हणजे सक्तीने दारूवाचून गेले, तिचे ते मूल पुष्कळदा धडधाकट निघे.

इतके कळल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. परंतु ज्ञान पुढेच जाते अशी आपली जी समजूत आहे ती खरी नाही. ते विसरलेही जाते. अमेरिकेत दारूबंदी आली, फसली आणि १९३३ मध्ये उठली. बंदीवाल्यांचे सारेच म्हणणे त्यानंतर भाबडे ठरविण्यात आले. १९४० नंतरच्या वैद्यकीय लेखनात मद्याने गर्भाला अपाय होत नाही असे निःशंकपणे लिहिलेले आढळते. इतकेच काय, १९६७ मध्ये अकाली प्रसूती थांबविण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून मद्यार्क सोडण्याचा उपचार प्रसिद्ध झाला आणि पुढे काही वर्षे तो नामांकित रुग्णालयांतून चालला. ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी थेंबही घेतला नसेल, त्यांना तो डॉक्टरांनी दिला. म्हणून अडाणी मातेला नावे ठेवण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, फ्रान्सच्या नांत शहरी पॉल लमवान या बालरोगतज्ज्ञाने मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन छापले. चेहऱ्याची ठेवण सारखी, वाढ खुंटलेली, चित्त अस्थिर. लेख फ्रेंच भाषेत आणि प्रांतिक नियतकालिकात आला, त्यामुळे तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे अमेरिकेतील सिएटल शहरात क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टरणीच्या ध्यानात आले की, जी अर्भके काही केल्या वाढत नाहीत त्यांतील अनेकांच्या माता दारूच्या आहारी गेलेल्या आहेत. तिच्या निरीक्षणावरून केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी मुले तपासली आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या विकाराला नाव दिले, ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’. आपण त्याला गर्भमद्यविकार म्हणू. डोळ्यांच्या फटी लहान, नाक आणि वरचा ओठ यांमधील पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोके लहान. आईने घेतलेले मद्य वारेतून थेट गर्भात उतरते, आणि ते पचविण्याची शक्ती गर्भाच्या यकृतात नसते. मेंदूची घडण चालू असताना हे घडते. चेहऱ्यावर खूण उमटलेली मुले थोडी. चेहरा चारचौघांसारखा आणि इजा मात्र आत, अशीच पुष्कळ. शिक्षकाच्या हातून पट्टी खातात ती हीच.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेला ठाणे-पालघरचा पट्टा हा ताडाचा आणि मोहाचा देश. येथील आदिवासींच्या जन्माला, लग्नाला आणि मरणाला दारू लागे, देवालाही लागे. (आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांतही पूर्वी काही कमी लागत नसे, हे मला लपवावयाचे नाही.) परंतु ती घरची आणि ऋतूपुरती होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी गाळणे गुन्हा झाला, ताडाच्या झाडांवर कर बसला, आणि दुकानांचे ठेके गेले. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांवरही निर्बंध घालणारा कायदा झाला. दारू गेली नाही. ती विकत घ्यावी लागू लागली, उधारीवर मिळू लागली, आणि उधारीपायी जमिनी गेल्या. सुरत जिल्ह्यात हे ठेके मुख्यतः पारशी दुकानदारांच्या हाती होते. मात्र १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणणारे खेर मंत्रिमंडळातील मंत्री डॉ. गिल्डर हेही पारशीच होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९२२ मध्ये या पट्ट्यात एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवीच्या साथीच्या निमित्ताने सुरू झालेले एक वारे डोंगर चढून धरमपूर, वांसदा, व्यारा करीत सुरत जिल्ह्यात उतरले. गावोगाव माणसांच्या अंगात सलाबाई देवी येऊ लागली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात खानपूर गावी दोन हजारांच्या आसपास आदिवासी जमले होते. देवीच्या आज्ञा साध्या होत्या: दारू आणि ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज नहा, घर स्वच्छ ठेवा, पारशी दुकानदाराशी व्यवहार तोडा. ना कोणी पुढारी, ना कोणी शासन. आणि हजारो चौधरी, गामीत, धोडिया, कोकणा कुटुंबांनी दारू सोडली. गांधीजींचे कार्यकर्ते तेथे पोचले ते मागाहून. पुढे अनेकजण पुन्हा पिऊ लागले, हेही खरे. पण चौधरी समाजातील कित्येक घरे त्यानंतरही निर्व्यसनी राहिली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर १९८७ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

मला या कथेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. देवीची आज्ञा गर्भिणीला नव्हती, साऱ्या गावाला होती. नवरा, सासू, सासरा, शेजारी, सारेच थांबले, म्हणून सुनेला एकटीने थांबावे लागले नाही. आजचा इशारा बाटलीवर असतो. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने तो गर्भवतीला उद्देशून छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडील इशारा आरोग्य आणि वाहन चालविणे यांपलीकडे जात नाही. आणि आमच्याकडे चोरून विकल्या जाणाऱ्या पोटलीवर तर काहीच छापलेले नसते.

कारण गुजरातेत दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा १९६० मध्ये राज्य निराळे झाल्यावरही येथे चालू राहिला. बंदीचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. दारूचे दुकान दिसत नाही हेही एक सुख आहे, आणि ते येथील बायकांना विचारावे. परंतु २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, २०१६ च्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या वरेली गावीही तसेच बळी गेले. तेव्हा दारू आहे हे उघड आहे. आणि जेथे पिणे हाच गुन्हा, तेथे कोणती गर्भवती डॉक्टरसमोर तोंड उघडणार? त्या आईने नऊ वर्षे मौन पाळले ते केवळ लाजेने नव्हे, पोलिसांच्या भीतीनेही.

मायकेल डॉरिस या अमेरिकन लेखकाने १९७१ मध्ये असाच एक मुलगा दत्तक घेतला होता. त्याला वाढविण्याची कहाणी त्याने १९८९ मध्ये ‘द ब्रोकन कॉर्ड’ या पुस्तकात लिहिली आणि जगातील पुष्कळांना हा विकार त्या पुस्तकानेच कळला. पित्याचे प्रेम त्यात आहे, तसाच संतापही आहे; पिणाऱ्या गर्भवतीला कोंडून ठेवावे, या विचारापर्यंत तो संताप जातो. सलिव्हनच्या तुरुंगाची गोष्ट वाचलेल्या कोणालाही तो मोह होईल. मला तो पटत नाही. कोंडण्याची भीती घातली की पहिली गोष्ट जी नाहीशी होते ती कबुली, आणि कबुलीवाचून मुलाला मदत मिळत नाही. तो मुलगा १९९१ मध्ये तरुणपणीच रस्त्यावरील अपघातात गेला.

मदत कोणती? मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, असे वैद्य सांगतात. परंतु सिएटलच्याच ॲन स्ट्राइसगुथ या संशोधिकेने ४१५ जणांचा अभ्यास करून १९९६ मध्ये जे मांडले, ते शिक्षकाने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. शाळा सुटणे, पोलिसांच्या हाती सापडणे, व्यसन लागणे ही पुढची संकटे जन्माबरोबर येत नाहीत. ती मागाहून जडतात. ज्यांचे निदान वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी झाले, ज्यांना मारझोड नसलेले, न बदलणारे घर लाभले, त्यांच्यावर ती कमी आली. आमच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत हा विकार नावाने नाही. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन-अक्षमता यांच्या दारानेच त्याला आत यावे लागते.

मी माझ्यापुरते जे शिकले ते साधे आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगावयाची. काल येत होते म्हणून आज येईल असे धरून चालावयाचे नाही. ‘नीट वाग’ म्हणावयाचे नाही, ‘वही पिशवीत ठेव’ म्हणावयाचे. जागा रोज तीच, वेळ तीच, माणूस तेच. त्याच्या आईला लिहिता येत नव्हते; तिने दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाने चित्रे काढली, आधी तांब्या, मग सदरा, मग ताट, मग दप्तर. सकाळी तो एकेका चित्रावर बोट ठेवून ते ते काम करी. एका पावसाळ्यात भिंत ओलीने पुसली गेली, तेव्हा तो दारातच उभा राहिला. आईने चूल बाजूला ठेवली आणि कोळसा शोधू लागली.